कुसळांमधली जागा

नाणं दोन्ही बाजूंनी इतकं देखणं होतं, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

टेबलापलीकडे पिशोरचे अण्णा बसले होते, शेजारी त्यांचा मुलगा संतोष. अण्णा शेतकरी, पण तरुणपणापासून नाण्यांचा नाद. हे चांदीचं प्रूफ नाणं त्यांनी टांकसाळीतून पोस्टाने मागवलेलं. गावात त्याला ‘अण्णांचं खूळ’ म्हणत. आता वय झालं होतं. कुणा जाणत्याने ‘कॅमिओ’ म्हणावं आणि ते खूळ नव्हतं, नजर होती, हे एकदा ठरावं, एवढीच त्यांची इच्छा.

मी गुलमंडीजवळच्या आमच्या नाण्यांच्या दुकानात ग्रेडिंगच्या, म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून नाण्याचा दर्जा ठरवून घेण्याच्या, आधीची तपासणी करते. कोणतं नाणं पाठवायचं आणि कोणतं परत करायचं, हे मी ठरवते. प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास ठोकलेलं नाणं. त्याची मोकळी जागा, म्हणजे फील्ड, आरशासारखी चकचकीत असते आणि उठावाचं चित्र दुधी असतं. त्या दुधीपणाला फ्रॉस्ट म्हणतात. हा फरक ठसठशीत दिसला तर ‘कॅमिओ’ हा मानाचा शेरा मिळतो. पण तो फरक दोन्ही बाजूंना दिसावा लागतो. फ्रॉस्ट मुळात डायमध्ये, म्हणजे साच्यात असतो. पहिल्या काही नाण्यांवर तो छान उतरतो. मग डाय झिजते आणि चित्रही चकाकू लागतं.

मी बाकीचे दिवे बंद केले, एकच दिवा ठेवला आणि नाणं कडेने धरून हळूहळू कलतं केलं. पुढच्या बाजूचे सिंह दुधी, भोवतीचं फील्ड अंधारातल्या आरशासारखं काळंभोर. अस्सल काम. उलटलं. मागे गव्हाची ओंबी, तीही तितकीच पांढरी. मग लूप, म्हणजे आमचं भिंग, डोळ्याला लावलं.

ओंबीच्या कुसळांमध्ये अगदी चिंचोळी जागा असते. तीही फील्डच, तिथेही आरसाच हवा. इथे ती जागा पांढरी होती. शिवाय काठावर बारीक खड्डे. डायमधून आलेला फ्रॉस्ट आपली हद्द ओलांडत नाही. हा ओलांडून गेला होता, म्हणजे नंतर कुणीतरी केलेला.

“संतोष, तुम्ही काय काम करता?” मी विचारलं.

“वाळूजला कंपनीत हाय मी. ब्लास्टिंग सेक्शनला.”

झालं. काचेच्या बारीक मण्यांचा फवारा मारून पार्टचा पृष्ठभाग दुधी करणं, हेच त्याचं रोजचं काम.

तेवढ्यात अण्णा पाणी प्यायला उठले. संतोष पुढे वाकला. “मॅडम, मागची बाजू जरा चमकत व्हती. फील्डला नेलपॉलिश लावून मास्किंग केलं, हलकं प्रेशर मारलं. मग पॉलिश पुसून काढलं. अण्णांसमोर बोलू नका. तुम्ही पाठवून द्या, तिकडचे बघतील.”

“तिकडचे बघतीलच. आणि बिघडवलेलं नाणं म्हणून परत पाठवतील. मी पाठवणार नाही.”

“अण्णांला लई लागंल ओ.”

लागेल हे मलाही दिसत होतं. बापासाठी केलं होतं पोराने, त्याचा राग तरी किती करायचा? पण राग आलाच. आणि खोटं बोलून म्हाताऱ्याला महिनोन् महिने वाट बघायला लावणं मला जमणार नव्हतं. अण्णा परत येऊन बसले. मी नाणं मऊ कापडावर ठेवलं आणि सरळ सांगितलं. पुढची बाजू अस्सल आहे, मागचा फ्रॉस्ट नंतर केलेला आहे. हात लावला नसता, तरी मागची बाजू कमी पडल्यामुळे कॅमिओ मिळालं नसतं. साधं, स्वच्छ प्रूफ म्हणून मानाने ग्रेड झालं असतं. आता तेही नाही.

संतोषने मान खाली घातली.

अण्णा म्हणाले, “यानं नेलेली नाण्याची डबी परत आणून दिली त्याच दिशी कळलं मला. एवढी वर्षं बघतोय, ओंबी कधीच एवढी पांढरी नव्हती.”

“मग इथपर्यंत कशाला आलात?”

“पुढची बाजू खरी हाय का, ते इचारायला. खरी हाय ना?”

“अस्सल. इतकी चांगली मी क्वचित पाहिली आहे.”

“बस.” त्यांनी नाणं डबीत ठेवलं, सिंह वर करून. मग मुलाकडे वळले. “लेका, अर्धं चांगलं हाय हे मला ठाव व्हतं. मी खूश व्हतो त्याच्यावर.”

संतोषने डोळे पुसले. मी दिवे लावले.

नाणं ग्रेडिंगला गेलं नाही. वाळूजला पार्ट रिजेक्ट झाला तर रिवर्क करता येतो, नाण्याला ती सोय नाही. तेव्हापासून लूप डोळ्याला लावायच्या आधी मी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारते: घरात कोण कोण आहे आणि कुठे कामाला आहे?