लातूरचा सल्ला

कुवेतमधल्या फहाहीलजवळच्या एका भारतीय शाळेत सुजाता बिराजदार अकरा वर्षं गणित शिकवत होत्या. त्या अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून लातूरचं नाव निघालं नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. कुणी समीकरणात अडखळलं की, 'आमच्या लातुरात हे लेकरं तोंडी करतात.' कुणी जांभई दिली की, 'आमच्या लातुरात पहाटे पाचला अभ्यासिकेत जागा धरावी लागते, बरं का.' मुलं पाठीमागे त्यांना 'लातूर मॅम' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

नवरा शैलेश इस्पितळाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ. कमी बोलणारा, पण बोलला की नेमकं बोट ठेवणारा. "तू स्वतः कधी लातुरात क्लास लावला होतास?" असं त्याने एकदा विचारलं, आणि बाई दिवसभर फुगून बसल्या. लावला नव्हता. वडिलांनी थोरल्या भावाला लावला होता. सुजाता त्याच्या वह्या उतरवून घेऊन शिकली आणि त्याच्यापेक्षा जास्त मार्क मिळवून बीएस्सी झाली. भाऊ पुढे इंजिनिअर झाला. ती सल मात्र बाईंच्या मनात तशीच राहिली होती, आणि पुढे जे झालं ते बरंचसं तिच्यामुळे झालं असं म्हटलं तर चुकायचं नाही.

झालं असं, की बारावीनंतरच्या प्रवेशांचं काम बघणारे सर निवृत्त होऊन केरळला परतले आणि प्रिन्सिपलनी ते काम बाईंकडे दिलं. कुवेतमधल्या भारतीय शाळेत हे काम हलकं नसतं. इथल्या मुलांना बारावीनंतर घर सोडावंच लागतं, आणि कुठे जायचं, कुठला फॉर्म भरायचा हे आईबापांना कळत नाही. त्यांचा सगळा भरवसा या एका माणसावर. सरांनी जाताना जाडजूड फाइल दिली आणि सांगितलं, "मॅडम, सब पढ़ लेना." बाईंनी मान डोलावली. फाइल वरवर चाळली आणि कपाटात ठेवून दिली.

माहीन मुकादम त्या वर्षी दहावीला होती. बारीक चणीची, अबोल, आणि गणितात अशी तल्लख की बाई फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार. वडील अहमदभाई फहाहीलच्या बाजारात पडद्यांच्या दुकानात कामाला, आई खैरुन्निसा घरी. मूळ रत्नागिरीकडचे. मुकादमांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी माहीन पहिलीच ठरणार होती. दहावीचा निकाल लागला, मुलीला गणितात शंभरपैकी शंभर, आणि नवराबायको बाईंना भेटायला शाळेत आले.

"मॅडम, आमाला यातलां काय कळत नाय," खैरुन्निसा म्हणाली. "तुमी सांगाल तसां करू."

एवढं ऐकल्यावर बाईंना कसला दम धरवतोय. त्यांनी लगेच सांगून टाकलं, "हिला लातूरला पाठवा. अकरावी-बारावी तिथं करू द्या. मुलींचं वसतिगृह माझ्या माहेरापासून दहा मिनिटांवर हाय, आई बघून येत जाईल. दोन वर्षं कळ काढा, लेकराचं सोनं होतंय."

अहमदभाईंनी भीत भीत विचारलं, की सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात आखातातल्या मुलांसाठी काही राखीव जागा असतात म्हणे, त्याला काही अडचण नाही ना येणार? तिथे राखीव जागांना खूप कमी मार्कांवर प्रवेश मिळतो, हे त्यांनी दुकानात ऐकलं होतं. बाईंनी फाइलचं पहिलं पान आठवून सांगितलं, "दोन वर्षं परदेशात शिकलेलं पाहिजे, एवढीच अट. ही तर दहा वर्षं शिकली." माहीन तेवढंच म्हणाली, "ओके, मॅम." जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती विमानात बसली.

जून संपता संपता एका पालकाने काहीतरी विचारलं म्हणून बाईंनी ती फाइल नीट उघडली. तिसऱ्या पानावर अट पूर्ण लिहिलेली होती. दोन वर्षं म्हणजे कुठलीही दोन वर्षं नव्हेत. अकरावी आणि बारावी, आणि तीही आखातातल्याच शाळेतून. बाईंनी ते पान तीनदा वाचलं. मुलांच्या पेपरात 'प्रश्न पूर्ण वाचा' असं लाल शाईने लिहिणाऱ्या बाईंनी स्वतः पान उलटलं नव्हतं.

अजून काही बिघडलं नव्हतं, हेच तर खरं दुखणं. जुलै-ऑगस्ट शाळेला सुट्टी. सप्टेंबरात माहीन परत येऊन वर्गात बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिचा इकामाही, म्हणजे कुवेतमध्ये राहण्याचा परवाना, शाबूत होता. माणूस सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तरच तो जातो. एक फोन करायचा होता. शैलेश म्हणाला, "आत्ता कर. माझ्यासमोर कर." बाई म्हणाल्या, "फोनवर नको, मी लातूरला चाललेच आहे. लेकराला समोर बसवून सांगते."

आणि त्या गेल्या. वसतिगृहाच्या खाली, पत्र्याच्या शेडमध्ये, माहीन त्यांच्यासमोर बसली. महिन्याभरात गाल आत गेले होते. बाईंनी घरचा चिवडा पुढे केला. तिने मूठभर घेतला, खाल्ला नाही.

"इट्स हार्ड, मॅम," ती म्हणाली. "पण मी बॅचमध्ये फर्स्ट आले. बट यू सेड इट्स वर्थ इट, राइट?"

बाईंनी तोंड उघडलं. वाक्य अगदी जिभेवर होतं. पण 'माझी चूक झाली' हे एवढ्याशा मुलीसमोर म्हणायचं, मग तिच्या आईबापांसमोर, मग प्रिन्सिपलसमोर, आणि मग ज्या लातूरचं नाव अकरा वर्षं मिरवलं त्या लातूरमधून हिला परत न्यायचं. शिवाय मुलगी पहिली आली आहे, हिला कशाला हवीत राखीव जागांची कुबडी, असाही एक विचार वेळेवर मदतीला धावून आला. असले विचार अशा वेळी नेमके सापडतात.

"हो गं," बाई म्हणाल्या. "छान चाललंय तुझं."

सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा त्या स्वतःला म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू. डिसेंबरात माहीनचा इकामा संपला आणि बघण्यासारखं काही उरलं नाही. शैलेशने विषय काढणं सोडून दिलं, आणि ते त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. फहाहीलच्या बाजारात बाई पडद्यांच्या दुकानाची गल्ली टाळून लांबून जाऊ लागल्या. एकदा अहमदभाईंनीच त्यांना गाठलं आणि भर रस्त्यात छातीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी दुआ करतो." बाईंना कुठे तोंड लपवावं कळेना.

दोन वर्षांनी निकाल लागले. माहीनने जीव तोडून अभ्यास केला होता, रँकही चांगली आली, पण देशभरातल्या मुलांच्या रांगेत थोडक्यासाठी मागे पडली. तिला मुंबईच्या बाहेर एका खासगी कॉलेजात, नको असलेल्या शाखेत प्रवेश मिळाला. तिच्याच दहावीच्या वर्गातला तल्हा, जो गणितात सत्तरीच्या वर कधी गेला नाही आणि कुवेत सोडून कुठे गेलाही नाही, तो राखीव जागेतून नागपूरच्या नावाजलेल्या सरकारी कॉलेजात लागला. त्याची रँक माहीनच्या कितीतरी मागे. शाळेच्या फाटकावर तल्हाच्या फोटोचा फ्लेक्स लागला, आणि प्रिन्सिपलनी सकाळच्या प्रार्थनेला 'मार्गदर्शन करणाऱ्या सुजाता मॅडम' म्हणून बाईंना पुष्पगुच्छ दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तो गुच्छ स्टाफरूममध्येच सोडला आणि त्याच संध्याकाळी मुकादमांचं घर गाठलं.

खैरुन्निसा एकटीच होती. तिने आग्रहाने बसवलं, चहा ठेवला, सांदणं पुढे केली. बाईंनी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. त्यात एक पळवाटही ठेवली होती: चूक कबूल करायची, पण ती आत्ताच, तल्हाचा फॉर्म भरताना लक्षात आली असं सांगायचं. म्हणजे अज्ञानाचा दोष येईल, कळूनही गप्प बसल्याचा येणार नाही.

"खैरुन्निसाताई, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "माहीनला इथंच ठेवायला पाहिजे होतं. तल्हाची जागा तिला मिळाली असती. मी नियम अर्धाच वाचला होता."

खैरुन्निसाने बशी सरळ केली. "आमाला म्हायत होतां, मॅडम."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"माजा भाव हाय ना यासिर, तेल कंपनीत. त्यानं तवाच, जुलयमधी येऊन सांगितलां. बोलला, पोरीला परत आना, नायतर जागा जाल. ह्यांनी तिकिटाचां पन इचारून ठेवलां होतां, ऑगस्टचां." ती सावकाश, कसलाही राग नसल्यासारखी बोलत होती. "मग माहीनचा फोन आला. बोलली, मॅम येऊन भेटल्या, छान चाललंय बोलल्या. तवा हे बोलले, मॅडमना नियम म्हायत असनारच. काय चुकीचां असतां तर पोरीला समोर बघून त्या गप रावल्या नसत्या. मग तिकीट काढलां नाय."

चहा उकळून वर आला. खैरुन्निसाने उठून गॅस बंद केला. तिथूनच, पाठमोरी, तिने विचारलं, "तुमाला कवा कळलां, मॅडम?"

पळवाट अजून तिथेच होती, बाईंना ती दिसतही होती. पण मुलीच्या समोर बसून जे जमलं ते हिच्या पाठीकडे बघत जमेना.

"जूनमध्ये," बाई म्हणाल्या. "लातूरला तिला भेटायच्या आधी."

खैरुन्निसाने पाठमोरीच गाळणं उचललं. मग तिने चहा दोन कपांत गाळला, एक बाईंसमोर आणून ठेवला आणि स्वतःचा हातात धरून उभी राहिली.

"माहीनला नका सांगू," ती म्हणाली. "ती तुमाला लय मानते."