बसायची मागणी

चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाकडे शेवटी दोनच गोष्टी उरतात, असं आमच्या कामगार युनियनचे आबा म्हणतात. गुडघेदुखी आणि किस्से! माझी गुडघेदुखी बँकेतलीच होती. किस्से मात्र रिटायर झाल्यावर युनियनच्या ऑफिसात रोज चहाला जायला लागलो तेव्हापासून साठत गेले. पूर्वी घरी येऊन बायकोला सांगायचो, तीही हसायची. हल्ली ती म्हणते, "पुरे करा, ऐकून जेवण जात नाही." म्हणून तुम्हाला सांगतो.

ऑफिस म्हणजे तळेगावात पिठाच्या गिरणीवरची एक खोली. गिरणी दिवसभर चालते आणि पीठ वर येतं. आमचा लाल झेंडा त्यामुळे गुलाबी दिसतो. प्रसाद म्हणून एक हुशार मुलगा पुण्याहून येतो, कामगारांवर पीएचडी करतोय. तो म्हणाला, "आबा, हे फार प्रतीकात्मक आहे."

आबा म्हणाले, "प्रतीक कसलं रे! झटकायला माणूस उरला नाही."

*

रेखा आमच्याकडे आली ती जिना चढून दारातच उभी राहिली. सोमाटण्याजवळच्या गावातली, पस्तिशीची बाई, एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेली. आबांनी विचारलं, "काय मागणी आहे बाई?"

"खुर्ची पायजे."

सबंध शिफ्ट उभ्याने पॅकिंग करायचं. पाय सुजून संध्याकाळी चप्पल घालता येत नाही. एकदा लाईन बंद पडली म्हणून ती उलट्या क्रेटवर टेकली, तर सुपरवायझरने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी गेटवर तिचं कार्ड चाललं नाही. "मशीन वाजलंच न्हाई आबा. मागच्या बाया म्हनल्या, सरक की बाजूला. सरकले. तवापास्नं बाजूलाच हाय."

पूर्वी कामावरून काढायला निदान कोणीतरी समोर येऊन शिव्या तरी द्यायचा!

आबांनी कंपनीला फोन लावला. कंपनी म्हणाली, ती आमची कामगार नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, आम्ही फक्त माणसं पुरवतो, कंपनीला विचारा. आबांनी फोन ठेवला. "नवरा म्हणतो माझी बायको नाही, सासरा म्हणतो माझी सून नाही. मग घरात इतके दिवस भांडी घासत होतं कोण?"

बसायला जागा द्यावी असं कायद्यातच आहे. म्हणून आम्ही दोन मागण्या लिहिल्या. बायकांना बसायची सोय करा आणि रेखाला कामावर घ्या.

*

मग गेट मीटिंग. पूर्वी शिफ्ट सुटली की कामगार चालत बाहेर पडायचे, थांबायचे, ऐकायचे. आता कंपनीच्या बसगाड्या थेट आतून भरून निघतात. गेटवर कॅमेरा, त्यामुळे आमचा झेंडा दिसला की आतली माणसं खिडक्यांचे पडदे ओढून घेतात. आबा रस्त्याच्या कडेला माइक धरून उभे, समोरून पडदे चाललेत. तरी आबा जोरात बोलत होते.

प्रसादने विचारलं, "आबा, ऐकतायत का ते? कळणार कसं?"

"पडदा हलला की टाळी समजायची!"

त्या दिवशी एकच पडदा हलला. रेखा म्हणाली, "ती माझी जाऊ, सुनीता. माझ्याच जागंवर लागलीया."

मी म्हटलं, "राग नाही आला तुला?"

"राग आला म्हनून चूल पेटती व्हय भाऊ? घरात कुनाचा तरी पगार पायजेच की."

*

मग प्रसादच्या डोक्यात आलं की रेखाच्या लढ्यावर अभ्यासवर्ग घ्यायचा. एका सहानुभूतीदार डॉक्टरांनी खंडाळ्याचा बंगला दिला. दरीकडे तोंड करून मोठा हॉल, पंख्याचीही गरज नाही. पुण्याहून, पिंपरीहून मंडळी आली. श्रम, परकेपणा, नवउदारमतवाद, सगळं झालं. दुपारी ठराव मांडायचा होता. त्यात 'खुर्ची' लिहायचं की 'आसनव्यवस्था', यावर वाद पेटला. एक गट म्हणाला, खुर्ची ही मागणी सुधारणावादी आहे, तिने मूळ प्रश्न झाकला जातो. दुसरा गट म्हणाला, तुम्ही जनतेपासून तुटलेले आहात. मतदान घ्यायचं ठरलं.

एवढ्यात बंगला सांभाळणाऱ्या मुमताज मावशी जेवायला किती पानं ते विचारायला आल्या. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि भिंतीशी थांबल्या.

"अगं रेखा, तू सकाळधरनं उभीच हायेस की! बसाय न्हाई व्हय काही?"

हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या होत्या. आम्ही सगळे बसलेलो. मावशींनी स्वयंपाकघरातून स्टूल आणून दिलं. प्रसाद हळूच म्हणाला, "कॉम्रेड्स, हाच तर मुद्दा आहे."

ठराव मंजूर झाला. 'आसनव्यवस्था'!

*

मधे निवडणूक आली. आमच्या सभेला येणारा रेखाचा नवरा टेम्पोवर भलत्याच उमेदवाराचा झेंडा लावून फिरताना दिसला. टेम्पोत बसलेली सगळी आमचीच माणसं. आमच्या मीटिंगला गळा फाटेस्तोवर घोषणा देणारी! ज्या पुढाऱ्याने एमआयडीसीत माणसं पुरवायचे ठेके आपल्या भाच्यांना वाटले, त्याचाच प्रचार चालला होता.

मी टेम्पो थांबवला. म्हटलं, "अरे, हे काय?"

तो जरासुद्धा ओशाळला नाही. "भाऊ, असं हाय बगा. मत तिकडं, मोर्चा हिकडं. दोन्ही सांभाळाया लागतं!"

आबांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते खाली गिरणीच्या रांगेकडे बघत म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मत देऊन त्याला आज काहीतरी मिळतं. मोर्चाला येऊन आपण त्याला काय दिलं? घसा बसला त्याचा." त्या दिवशी मला पहिल्यांदा आबा म्हातारे वाटले. ऑफिसातून लवकर निघालो.

*

मोर्चाचं म्हणाल तर मोर्चासुद्धा काढला. कंपनीच्या मालकांचा लोणावळ्यात बंगला आहे, शनिवार-रविवार तिथे असतात. आमच्या लोकांनाही सुट्टी रविवारचीच. तेव्हा रविवारी थेट बंगल्यावर जायचं, आबांची आयडिया!

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यात मोर्चा काढायची बुद्धी फक्त आम्हालाच होऊ शकते. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधे आमची तीसेक माणसं. लोकांना वाटलं पाण्याचा प्रश्न असेल. मक्याची कणसं खात पोरं-पोरी आमच्या झेंड्याबरोबर सेल्फी काढत होती. एका गाडीची काच खाली झाली.

"काका, भुशी डॅमला असंच सरळ ना?"

"इन्किलाब..." आबा म्हणाले, "डावीकडे वळा... झिंदाबाद!"

भिजून चिंब होऊन आम्ही बंगल्यावर पोचलो. फाटक बंद. वॉचमन आमच्याच मावळातला, बिचारा आतून बाकडं घेऊन आला. म्हणाला, "बसा आबा, च्या ठिवतो. पन सायेब न्हाईत. अर्ध्या वाटंतनं माघारी गेले. म्हनले, ट्रॅफिक लय हाय."

रेखा पदर पिळत हसायला लागली. आम्हीही हसलो. परतताना मात्र मला सारखं वाटत होतं, आपण या बाईचा वेळ खातोय. तिला काम पाहिजे आणि आपण तिला सहली घडवतोय.

*

आणि मग आम्ही जिंकलो!

खरंच. परदेशातलं मोठं गिऱ्हाईक कंपनीची पाहणी करायला येणार होतं. कामगारांना कसं वागवतात तेही ते बघतात म्हणे. कंपनीकडून आबांना फोन आला, लाईनवर महिलांसाठी बसायची सोय केली आहे, आता गेटवर येऊ नका. आबांनी रेखाचं विचारलं. उत्तर आलं, त्या नावाची कामगार आमच्या रेकॉर्डला कधी नव्हतीच.

आबा मला घेऊन तिच्या घरी निघाले. सोमाटणे फाट्यावर पेढे घेतले. मी म्हटलं, "आबा, पेढे कशाला? तिला काय मिळालं?" ते म्हणाले, "मागणी तिची होती. मान्य झाली. सांगायला रिकाम्या हाताने कसं जायचं?"

रेखा अंगणात भांडी घासत होती. आबांनी सगळं सांगितलं, रेकॉर्डचंसुद्धा. तिने हात पुसले, पेढ्यांचा बॉक्स घेतला. एवढ्यात शिफ्ट संपवून सुनीता आली. पायातले सेफ्टी शूज ओढून काढले आणि उंबऱ्यावरच बसून पोटऱ्या दाबायला लागली.

रेखाने विचारलं, "आल्या व्हय गं खुर्च्या?"

"आल्यात की. स्टुलं हायत. चांगली हायत, गुबगुबीत."

"बसाय बरं वाटतं का?"

"बसायचं न्हाई त्याच्यावर!" सुनीता म्हणाली. "परदेशी लोक बगाया येनार हायत, त्येंच्यासाठी मांडलीत. वरचं प्लॅस्टिक बी काढू देत न्हाईत. उलट आता त्या स्टुलांपायी उभं ऱ्हायला बी जागा पुरंना."

मी आबांकडे बघायचं टाळलं.

रेखाने बॉक्सची दोरी सोडली. पहिला पेढा सुनीताच्या हातावर ठेवला. मग बॉक्स आबांपुढे धरला.

"घ्या आबा. जिंकलो की आपन!"