वडिलांच्या मृत्यूचं प्रकरण

खुटबावच्या महेंद्रने आपल्या बापाला मारलं ते केवळ ज्ञानदेव सरांच्या शब्दाखातर. अर्थात पुस्तकात. खरा बाप, बन्सी, ओट्यावर तंबाखू मळत बसलेला असायचा.

पुस्तक बन्सीवरच होतं. एकतीस वर्षं तो ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा. बौद्धवस्तीतल्या या माणसाच्या हातात व्हॉल्व्हची चावी, आणि सरपंचाच्या घरचा हंडासुद्धा त्याची वाट बघायचा. महेंद्र कंपनीत शिफ्ट करत पुण्याला सर्जनशील लेखनाची पदविका पास झाला. तिथली योजना अशी, की पास झालेल्याला वर्षभर एक मुरलेला लेखक मार्गदर्शक म्हणून द्यायचा. त्याने पुस्तकाचं बाड पुरं करून घ्यायचं आणि शेवटी प्रकाशकाला पत्र लिहायचं. त्या पत्राशिवाय प्रकाशक बाडाला हातही लावत नसे. महेंद्रच्या वाट्याला शिरूरचे ज्ञानदेव सर आले. तीन कादंबऱ्या, पाच शिष्य आणि दर वाक्यामागे एक सुस्कारा.

केडगावहून प्रिंट काढून आणली, तेव्हा पार्वतीबाईने, म्हणजे त्याच्या आईने, दोनशे बारा पानांचा गठ्ठा जुन्या लुगड्याच्या काठाने बांधून दिला. उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेल्यापासून ती दातात टोक धरून डाव्या हाताने उलटी गाठ मारायची. तिने बांधलेली मोळी रानात कुणीही ओळखायचं.

गठ्ठा शिरूरला पोचवल्यावर महिन्याने सरांचा फोन आला. 'महेंद्र, वाचलं. हाडामांसाचं लिहितोस. फक्त वडिलांच्या मृत्यूचं प्रकरण जरा लांबलंय.'

महेंद्र बुचकळ्यात पडला. पुस्तकात कुणी मेलंच नव्हतं. पण सर चुकतील कसे? जे नाही ते हवं, हे सांगायची मोठ्या लेखकांची हीच रीत असणार, असं त्याने ठरवून टाकलं. मग सात महिने, शिफ्टवरून आल्यावर, तो मोबाईलवर बाप मारत बसला. माहितीसाठी त्याने बन्सीलाच विचारलं, टाकीवरून माणूस कसा पडेल?

'मी कशाला पडंन?' बन्सी म्हणाला. 'एकतीस वर्सं चढलोय.' मग लेकाचं तोंड बघून पुढं म्हणाला, 'झाकणापाशी शेवाळ असतंय. तिथं पाड मला.'

निवृत्तीच्या दिवशी बन्सी चावी परत द्यायला जातो आणि पंचायतीच्या दारातून त्याचा पाय निघत नाही, ती शेवटची सत्तर पानं महेंद्रने मोबाईलवरून पुसून टाकली.

वर्ष संपताना तो नवी प्रत घेऊन न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूरला गेला. सरांनी ती ठेवून घेतली, जुना गठ्ठा परत दिला. 'पत्र उद्या ने.'

घरी पार्वतीबाईने गठ्ठा हातात फिरवून बघितला.

'म्हेंद्या, ही माझी गाठ हाय.'

'मग कुणाची असणार, आई?'

'तसं न्हाई रं. ही सुटलीच न्हाई. दुसऱ्या कुणी बांधली असती तर सरळ आली असती. ह्यो दाताचा वळ बघ की.'

महेंद्रने बघितला. मग बराच वेळ तो दुसरीकडे कुठे बघेना.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाकीट पुढे केलं. 'आता वडिलांचा मृत्यू अगदी जमलाय.'

'सर, कसे मेले माझे वडील?'

सुस्कारा. 'अरे, तपशिलात काय शिरतोस? परिणाम बघ.'

'आजारानं का पडून, तेवढंच सांगा.'

सर चष्मा पुसायला लागले. 'पाच जणांचं बघावं लागतं मला. चौघांच्यात बाप मरतोच.'

महेंद्रने नवी प्रत उचलली. पाकीट टेबलावरच राहिलं.

घरी पार्वतीबाईने जुन्या गठ्ठ्याची गाठ दाताने सोडली.

'पत्र?' बन्सीने विचारलं.

'न्हाई आणलं.'

'आन् मी? जित्ता हाय का?'

'हाय, आप्पा.'

'मग चावी द्यायला जातो तिथनं वाच.'

महेंद्र वाचायला बसला. दर पानावर त्याला सरांचं ते 'हाडामांसाचं' आठवत होतं. वर्षभर तो त्या एका शब्दावर जगला होता.