कागदाला कंबर नसते

रंगाच्या वाटीला आतून कशा खपल्या धरतात, तसे हे किस्से साचलेत. नख लावलं की पडतात. शहाडला साड्या छापायचा कारखाना होता. तिथं नक्षी काढायच्या खोलीत मी वाट्या आणि ब्रश धुवायला होते.

नवी होते तेव्हा पाहिलं, नक्षी काढणारे दामूमास्तर सकाळपासून भिंतीकडे बघत बसलेले. वाटलं, माणूस आजारी आहे. आल्याचा चहा नेला.

"काशीबाई, काम चाललंय," मास्तर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी वेलीची तीन पानं काढली. मी घरी सांगितलं, तिथं बसायचा पगार मिळतो.

*

मग वसंता शिकायला आला. बायको-पोर डोंबिवलीला, मिशांना पीळ. शेठनी बजावलेलं, दसऱ्यापर्यंत एक तरी साडी पास झाली पाहिजे, नाहीतर घरी.

मास्तरांनी ब्रश दिलाच नाही. कल्याणच्या बाजारात धाडलं. "बायका साडी कशी घेतात ते बघून ये."

दुपारी आला तो एका म्हातारीच्या छत्रीचा मार खाऊन. "मास्तर, बायका साडी बघतच नाहीत. आधी मनातल्या मनात धुतात!"

मास्तर म्हणाले, "आता घे ब्रश."

*

एकदा मास्तरांनी दहा नमुने मांडून मला विचारलं, कुठला चांगला? म्हटलं, सगळेच.

"मग वाईट सांगा."

मी पांढऱ्या काठावर बोट ठेवलं. "हे नेसून चुलीपुढं तुम्ही बसा."

काठ तपकिरी झाला. मास्तर गावभर सांगत सुटले, काठ काशीबाईंचा म्हणून.

*

दसरा तोंडावर आला. वसंतानं पोपट काढले. भिंतीवर काय देखणे दिसत होते!

"कागदाला कंबर नसते," मास्तर म्हणाले. "छापून घे आणि नेसून दाखव."

"मी?"

"मग काय, मी?"

मीच नेसवली, नऊवारी, काष्टा घालून. वळला मात्र, आणि मी खालीच बसले. माणूस ज्यावर बसतो, नेमकं तिथं दोन पोपट चोच मारत होते.

मग पोपट पदरावर गेले, अंगभर नुसती पानं राहिली. नवी साडी छापली, पुन्हा वसंताला नेसवली. निऱ्या खोचतेय, तोच दारात शेठ. वसंतानं पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला.

"बाई, जरा चाला बघू."

वसंता चालला. मी ओठ दाबून धरले.

"वळा."

वळला.

"साडी पास," शेठ म्हणाले. दारापर्यंत गेले, थांबले.

"मास्तर, ह्या बाईंना कायम करून टाका. मिशी तेवढी काढायला सांगा."