पास्कूदादाचा उजवा बूट

नंदाखाल गावचा पास्कूदादा लग्नात गिटार वाजवायला उभा राहिला की आधी उजव्या पायातला बूट काढायचा. बोटीवर नोकरीला असलेल्या मेव्हण्याने त्याला पायाने दाबायचं एक मशीन आणून दिलं होतं. ते दाबलं की गिटार माणसासारखे हुंदके द्यायची. नवरी घराबाहेर पडताना पास्कूदादा ते दाबायचा आणि अख्खा मांडव डोळे पुसायचा. "बुटातून कळत नाय रे, किती रडवायचं ते," असं तो आम्हा बँडवाल्यांना सांगायचा. मी मागे ड्रमवर असायचो. सत्तरनंतरची ती वर्षं. माणिकपूरपर्यंतचे लोक त्याचं नाव विसरत, पण 'तो रडवणारा' हवा म्हणून लग्नाची तारीख पुढे ढकलत.

घरी मात्र तो निराळाच होता. संध्याकाळी केळीला पाणी सोडून झालं की ओट्यावर नुसती गिटार घेऊन बसायचा. एखादा सूर घोळवायचा, वाट चुकायचा, आणि चुकल्या जागी काही नवं सापडलं की स्वतःशीच हसायचा. रेकॉर्डवरचे जाझवाले असंच वाजवतात, असं त्याचं म्हणणं. "मांडवातलं लोकांचं. हे माझं."

फिलू ही त्याची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नासाठी त्याने त्याच ओट्यावर एक धून बांधली आणि मला ऐकवली. "ही फक्त तिला. त्या दिवशी बूट काढणार नाय."

लग्नाच्या दिवशी मशीन नेहमीप्रमाणे जोडलेलं होतंच. ते काढून ठेवायचं ना त्याला सुचलं, ना मला. फिलू उंबऱ्याबाहेर आली तशी त्याने धून सुरू केली. धून संथ होती. लोक चुळबुळ करू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "पास्कू, पोटच्या पोरीला कोरडीच धाडतोस काय?" त्याने मान खाली घातली आणि बूट काढला. पुढचं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मांडव रडला. फिलू त्याच्या गळ्यात पडून रडली.

सामान आवरताना तो मला म्हणाला, "गिऱ्हाइकाला देतो तेच पोरीला दिलं रे मी. तिला वाटलं, बाप रडला. मी तर नेहमीसारखा ठेका सांभाळत होतो."

त्यानंतर त्याने बूट कधी काढला नाही. कामं आटली, त्याची त्याला फिकीर नव्हती. फिलू माहेरी आली की गिटार घेऊन बसायचा. ती चहा घेऊन समोर आली की बोटं थांबायची. "वाजव की दादा," मी म्हणायचो. "वेळ गेली ती," म्हणून तो खुंट्या पिळत राहायचा.

तो गेल्यावर, चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली तेव्हा फिलू माझ्याकडे आली. बँडचं सामान माझ्याच घरी होतं. मी गिटार पुढे केली.

"ती राहू द्या, काका. मला ते मशीन द्या. बाबा आयुष्यात एकदाच माझ्यासाठी रडले, ते यातच."

मशीनच्या दाबायच्या पट्टीवर त्याच्या पायाच्या अंगठ्याने झिजून खळगा पडला होता. तिने त्यावर तळहात ठेवला.

ती धून मला अजून येते. तेव्हाही अगदी ओठांवर आली होती. मी मशीन फडक्याने पुसलं आणि पिशवीत घालून तिच्या हातात दिलं.