पांढऱ्या पोत्यांचं शिवार

नांदेडहून निघालेली एसटी अहमदपूरला पोचेपर्यंत मी मोबाइलवर तोच एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होते. हरभऱ्याच्या रानात हरणांचा कळप आणि त्यात एक हरणी अगदी पांढरीशुभ्र. अशी क्वचितच जन्मते, आणि जन्मली तरी टिकत नाही. काळ्या रानात तिनं लपावं कुठं? ती आहे तोवर एक फोटो मिळवायचा, म्हणून मी निघाले होते.

स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, हल्ली जो तो त्याच शिवारात जायचं म्हणतो.

बांधावर उतरले. समोर पांढरं काहीतरी उभं होतं. पटापट फोटो काढले. जवळ गेले तर काठ्यांना बांधलेलं खताचं रिकामं पोतं! पुढं आणखी एक, त्याच्यापुढं आणखी. मागून कुणीतरी हसलं. रानाच्या मालकीणबाई, सखूबाई, खुरपं घेऊन उभ्या होत्या.

जनावरं बुजावीत म्हणून आपल्याकडं पोती उंच टांगतात. वाऱ्यानं ती फडफडतात. सखूबाईंनी मात्र ती हरणाच्या पाठीइतकीच उंच, करकचून बांधली होती. का, ते त्यांनीच सांगितलं. व्हिडिओ फिरला तशा गाड्या येऊ लागल्या. पोरं हरणीमागं मोटारसायकली घालू लागली. एका संध्याकाळी तर दोन परकी माणसं शिकारी कुत्री घेऊन आली आणि सगळा कळप सोडून हिच्याच मागं लागली. ती कशीबशी वाचली. दुसऱ्या दिवशी सखूबाईंनी घरातली सगळी पोती रानात आणून उभी केली. आता लांबून पोतं कुठलं नि हरणी कुठली, काही ओळखू येत नव्हतं.

बांधावरच त्यांनी मला भाकरी आणि घोळाणा (हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची कच्ची कोशिंबीर) वाढला. त्यांचे मालक शेजारी कुरकुरत होते, की पीक खाणाऱ्या चोराचीच राखण करणारी बाई जगात हीच.

"समदी हरणं खातेत," सखूबाई म्हणाल्या. "मग हिनंच काय घोडं मारलंय? रंग काय तिनं मागून घेतला व्हय?"

तेवढ्यात एक गाडी आली. मोठा कॅमेरा घेतलेल्या माणसानं पांढऱ्या हरणीची चौकशी केली. सखूबाईंनी सगळ्या रानावरून हात फिरवला.

"त्या काय उभ्या हायेत. पायजे ती घ्या."

त्यानं चिडून एका पोत्याला लाथ घातली आणि मला विचारलं. नेमक्या त्याच वेळी, त्याच्या पाठीमागं, पार टोकाच्या पोत्यानं कान हलवला. माझा हात पिशवीतल्या मोबाइलकडं गेला. मोठ्या कष्टानं मी तो मागं घेतला.

"मीही फसले, दादा," मी म्हणाले. "नुसती पोती आहेत."

गाडी गेली. सखूबाईंनी न विचारता माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

घरी परतल्यावर शेजारणींनी फोटो मागितले. मी पोती दाखवली. त्या पोट धरधरून हसल्या, मग गावाचं नाव विचारू लागल्या. मला अख्ख्या गल्लीतल्या पोरांचे वाढदिवस पाठ आहेत. ते गाव मात्र मी विसरले आहे, आणि कुणी कितीही विचारलं तरी मला ते आठवणार नाही.