बुर्माकानचं दार

माझी थोरली जाऊ बुर्माकान कुरूत करते. कुरूत आमच्याकडे कोण करत नाही? दह्याचा चक्का टांगायचा, मीठ घालून मळायचा, गोळ्या वळायच्या आणि उन्हात वाळवायच्या. पण बुर्माकानच्या डोक्यात कारखाना होता. गावाबाहेर गुरांचा जुना दवाखाना पडून होता, तो तिने विकत घेतला. भिंतींना पांढऱ्या फरश्या लावल्या, स्टीलचं मोठं भांडं आणलं, आम्हा बायकांना टोप्या घालायला लावल्या. तिचा नवरा तुरात म्हणाला, "अगं, तुझ्या आईने कधी टोपी घातली होती का?" तर म्हणाली, "माझ्या आईचं कुरूत अल्माटीच्या दुकानात नव्हतं."

तिचं मात्र अल्माटीसारख्या मोठ्या शहरातल्या दुकानात जाणार होतं. तिथला एक दुकानदार येऊन चव घेऊन गेला होता. त्याची अट एकच, माल मंजुरी असलेल्या जागेत तयार झालेला हवा.

मग सुरू झाली दाराची कटकट.

आगीच्या खात्याचा कुबात आला. बरा माणूस, आमच्याच गावातला, बुर्माकानला एजे म्हणजे ताई म्हणायचा. दार ओढून बघितलं आणि म्हणाला, "एजे, हे आत उघडतंय. आग लागली आणि बायका दारावर रेटल्या, तर उघडायचं कसं? बाहेर उघडणारं करा." पटण्यासारखं होतं. बुर्माकानने सुताराकडून दार फिरवून घेतलं.

नंतर आरोग्य खात्याच्या तिनारबाई आल्या. "हे काय! दार बाहेर उघडलं की अंगणातली धूळ आणि माश्या सगळं आत घेतं. असं चालणार नाही. आत उघडणारं हवं."

"पण कुबात म्हणतो..."

"कुबात काय म्हणतो ते मला सांगू नका. मी आगीचं बघते का?"

पुन्हा सुतार आला. दार आत वळलं. कुबात परत आला, दंड करून गेला. दार बाहेर वळलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला सुतार म्हणाला, "एजे, आता बिजागऱ्या नको, सरळ चाकंच लावतो." आम्ही हसलो. बुर्माकान हसली नाही. चौकट भोकं पडून पडून चाळणी झाली होती आणि दर वेळी चुना तीच भरत होती.

ऐन जून महिन्यात, दुधाचा महापूर असताना, तिनारबाई आल्या. दार बाहेर उघडणारं सापडलं. त्यांनी दोरी बांधली, लाख लावली, कारखाना सील केला.

दुधाला सील कळत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कुरणावरचे लोक घोड्यांवर किटल्या लादून हजर. परत पाठवलं असतं, तर पुढे आमच्याकडे कोणी आलंच नसतं. बुर्माकान अंगणात उभी राहून एकेकीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "घरी न्या. जिच्या चुलीवर जेवढं मावेल तेवढं."

नेलं. माझ्या स्वयंपाकघरात छताला चक्क्याच्या पिशव्या लटकल्या. आमच्यातल्याच सोनूनच्या घरी गोळ्या पलंगावर वाळत होत्या, शेजारी तिचा नातू झोपलेला. मांजर फिरत होतं. टोपी कोणाच्या डोक्यावर नव्हती. आणि संबंध महिन्यात एक तपासनीस फिरकला नाही! बाजारात सगळं खपलं. तिनारबाईंच्या आईनेही सोनूनकडून पिशवीभर नेलं.

"बघा जाऊबाई, किती सोपं आहे," मी म्हणाले. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

ती माझ्यावर उखडली. "सोपं? फरश्या कशाला लावल्या मी? स्वच्छ काम करायला गेले तर कुलूप, आणि मांजराशेजारी वाळवलं तर मोकळीक! आणि तू हसतेस?"

त्याच आठवड्यात अल्माटीहून फोन आला. मंजुरीचा कागद नसेल तर माल नको. घरातल्या कुरूताला असला कागद कोण देणार? तिने फोन ठेवला, तुरातला हाक मारली आणि म्हणाली, "ट्रक काढ. हातोडी पण घे."

सीलला तिने हात लावला नाही, तेवढं भान होतं. चौकटीचे खिळे उपटले आणि चौकट, दोरी, लाख सगळ्यासकट दार ट्रकवर चढवलं. आम्ही तिघं तालुक्याच्या कचेरीत गेलो आणि दार व्हरांड्यात भिंतीला टेकवून उभं केलं. लोक जमले. कोणीतरी विचारलं, "विकायचंय का?"

तालुक्याचे प्रमुख, आमचे अकीम, बाहेर आले. "एजे, हा काय बाजार आहे?"

"बाजारात निदान भाव तरी सांगतात," बुर्माकान म्हणाली. "मला एवढंच सांगा, हे कुठल्या बाजूला उघडायचं? तुम्ही सांगाल तसं लावते. जन्मभर हलवणार नाही."

कुबात आणि तिनारबाईंना बोलावणं गेलं. दोघं समोरासमोरच्या खोल्यांतून बाहेर आले. समोरासमोरच्या! मधे चार पावलांचा व्हरांडा. आणि बुर्माकान दोन वर्षं दोघांच्या मधे सुतार घेऊन फिरत होती.

दोघांचं तिथेच जुंपलं. नियम, कलमं, "तुमचं तुम्ही बघा," "माणसं मेली तर?" "विषबाधा झाली तर?" शेवटी अकीम ओरडले, "अहो, काहीतरी मार्ग असेल की नाही?"

तिनारबाई खांदे उडवून म्हणाल्या, "असेल की. बाहेरचं दार बाहेर उघडू दे. आतून दोन्हीकडे झुलणारं जाळीचं दुसरं दार लावायचं. पुष्कळ ठिकाणी असतं."

"माझी हरकत नाही," कुबात म्हणाला.

बुर्माकानचा आवाज इतका खाली गेला की मी घाबरले. "मग हे दोन वर्षांत का नाही सांगितलं?"

"तुम्ही दाराचं विचारलंत," तिनारबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दाराचं कुठे विचारलंत?"

तुरातने बायकोचा दंड धरला, म्हणून पुढचं काही घडलं नाही.

जाळीचं दार दोन दिवसांत लागलं. सील मात्र लवकर निघालं नाही, कारण ते काढायचा अधिकार असलेला माणूस इसिक-कूल सरोवरावर सुट्टीला गेला होता. तो उन्हाने रापून परतला तेव्हा कुरणावरचं दूध आटायला लागलं होतं. अल्माटीच्या दुकानदाराने तोवर दुसरा कोणी पकडला होता. आमच्यातल्या सोनूनसकट तिघी परत आल्याच नाहीत. "घरी बरं," सोनून म्हणाली, "कोणी येत नाही, कोणी विचारत नाही." तिला दोष कसा द्यायचा?

उरलेल्या आम्ही परत टोप्या घातल्या. माल आता जवळच्या शहरातल्या दुकानांत जातो, चालतं बरं. यंदा वसंतात बँकेचा एक गोड बोलणारा मुलगा आला होता. छोट्या उद्योगांना मोठं करायची योजना होती म्हणे. दुसरी इमारत, थंड खोली, दुप्पट बायका. मी मनात म्हटलं, हेच तर हिला हवं होतं.

बुर्माकानने त्याला चहा दिला, कुरूत बांधून दिलं आणि "नको" म्हणाली.

"का एजे? एवढा चांगला माल आहे तुमचा."

"बाळा, बुटकं गवत घोड्याला दिसत नाही," ती म्हणाली. "मला अजून थोडी वर्षं उभं राहायचंय."

तो गेल्यावर ती बराच वेळ मागच्या मोकळ्या जागेकडे बघत बसली. तिथे दुसरी इमारत कुठे येईल, हे तिने मला कितीदा तरी पावलं टाकून दाखवलं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं, जाऊबाई, एकदा करून बघा की. तेवढ्यात ती उठली, हात धुतले आणि मला म्हणाली, "चक्का टांग आधी, पाणी गळायला वेळ लागतो."